रसायनाचे वय

दिल्लीच्या दर्यागंज भागात ‘दार-उस-सलाम’ नावाचे एक प्रशस्त निवासस्थान होते. १९२० ते १९३५ या कालखंडातील राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात या वास्तूचा उल्लेख वारंवार येतो. काँग्रेसच्या पुढाऱ्यांची खलबते तेथे होत. १९३१ साली लॉर्ड आयर्विन यांच्याशी वाटाघाटी चालू असताना गांधीजींचा मुक्कामही तेथेच होता. या घराचे धनी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी १९२७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलपती होते. दिल्लीकरांना मात्र ते प्रथम शल्यविशारद म्हणून ठाऊक होते. एडिंबरोला शिकून, लंडनच्या रुग्णालयांत उमेदवारी करून ते दिल्लीत आले. १९१२ साली बाल्कन युद्धात जखमी झालेल्या तुर्की सैनिकांच्या शुश्रूषेसाठी हिंदुस्थानातून गेलेल्या वैद्यकीय पथकाचे नेतृत्वही त्यांनी केले. राजकारणाच्या इतिहासकारांनी त्यांच्या जीवनाचा हा भाग सविस्तर नोंदविला आहे. त्यांच्या आयुष्याची शेवटची दहा वर्षे ज्या एका वैद्यकीय ध्यासाने व्यापली होती, त्याची दखल मात्र बहुधा एखाद्या ओळीत, काहीशा संकोचाने, घेतली जाते. हा ध्यास होता वार्धक्य हटविण्याचा.

१९२५ साली अन्सारी युरोपच्या प्रवासास गेले आणि व्हिएन्नात त्यांनी ऑयगन श्टायनाख आणि रोबेर्ट लिख्टेनश्टेर्न यांची गाठ घेतली. परतल्यावर प्राण्यांच्या वृषणग्रंथींचे तुकडे मानवी शरीरात बसविण्याच्या शस्त्रक्रिया त्यांनी हिंदुस्थानात आरंभल्या. पुढील दहा वर्षांत अशा सातशेहून अधिक शस्त्रक्रिया त्यांनी केल्या आणि त्यांपैकी चारशे चाळीस रुग्णांची टिपणे ठेवली. १९३५ साली या अनुभवावर आधारलेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर वर्षभरातच, १० मे १९३६ रोजी, मसुरीहून दिल्लीला येत असता आगगाडीतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते.

या मृत्यूतील विसंगतीवर बोट ठेवणे सोपे आहे. परंतु तेवढ्याने अन्सारींच्या प्रयत्नाचा अर्थ लागत नाही. ते भोंदू नव्हते. आपल्या काळातील मान्यवर प्रयोगशाळांतून निघालेला एक विचार त्यांनी प्रामाणिकपणे उचलला, रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि त्या जगापुढे मांडल्या. त्यांची चूक कोठे झाली हे पाहू गेले असता एक जुना प्रश्न नव्याने समोर येतो. जरेवरील उपचार कोणता, हा प्रश्न सर्वांनीच विचारला. तो उपचार आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर करावयाचा, हा दुसरा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला, आणि ज्यांनी विचारला त्यांचे उत्तर ऐकावयास कोणी थांबले नाही.

भारतीय परंपरेत हा दुसरा प्रश्न फार पूर्वी स्पष्ट शब्दांत मांडला गेला होता. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग ‘रसायन’ हे आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनाचा विचार आरंभतानाच वयाची अट घातलेली आहे. रसायन द्यावयाचे ते पूर्व वयात अथवा मध्यम वयात, आणि तेही शरीराची शुद्धी झाल्यावर. अशुद्ध शरीराला दिलेले रसायन मळकट वस्त्रावर चढविलेल्या रंगासारखे वाया जाते, असा दृष्टान्तही तेथे येतो. याच संहितेच्या सूत्रस्थानात वयाचे विभाग सांगितले आहेत. सोळा वर्षांपर्यंत बाल्य, सोळा ते सत्तर मध्यम वय आणि सत्तरीनंतर वार्धक्य. मध्यम वयाचेही पोटविभाग आहेत. विसापर्यंत वृद्धी, तिसापर्यंत यौवन, चाळिसापर्यंत धातूंची संपूर्णता आणि तेथून सत्तरीपर्यंत थोडी थोडी हानी. दोन्ही वचने एकत्र वाचली म्हणजे रसायनाची मुदत ठरते. सत्तरी उलटल्यावर शास्त्राने ते दार मिटून घेतलेले आहे.

परंतु शास्त्राशेजारी कथाही नांदत होत्या, आणि कथांनी अगदी उलट आशा दाखविली. जराजर्जर च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी पुन्हा तरुण केले आणि त्यांचे नाव एका अवलेहाला चिकटून आजही घरोघरी राहिले आहे. ययातीची कथा तर दिल्लीच्या परिसरातच रुजलेली. कौरव-पांडवांचा हा पूर्वज आणि त्याच्या वंशजांचे हस्तिनापूर आजच्या मेरठ जिल्ह्यात दाखविले जाते. ययातीला वार्धक्य आले तेव्हा त्याने आपल्या पुत्रांकडे यौवन मागितले, आणि धाकट्या पुरूने ते दिले. वि. स. खांडेकरांनी १९५९ साली या कथेवर कादंबरी लिहिली तेव्हा मराठी वाचकाला त्यात भोगाची अतृप्ती दिसली. पण कथेचा सांगाडा काळाच्या हिशेबाचा आहे. ज्याच्याजवळ यौवन आहे त्याला त्याची किंमत कळलेली नाही, आणि ज्याला किंमत कळली आहे त्याच्याजवळ ते उरलेले नाही. रसायनाच्या सर्व इतिहासावर या विपरीत वाटपाची छाया पडलेली आहे.

युरोपात या इतिहासाचा अर्वाचीन अध्याय १८८९ साली सुरू झाला. त्या वर्षी बहात्तर वर्षांचे विख्यात शरीरशास्त्रज्ञ शार्ल एदुआर ब्राऊन-सेकार यांनी पॅरिसच्या विद्वत्सभेत सांगितले, की कुत्रे आणि गिनिपिग यांच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःस टोचून घेतला आणि शक्ती परत आल्याचा अनुभव घेतला. त्या अर्कात प्रत्यक्ष संप्रेरक जवळजवळ नव्हतेच, हे पुढे कळून आले. पण ग्रंथींकडे लक्ष वळले ते कायमचे. श्टायनाख यांनी प्राण्यांवर पद्धतशीर प्रयोग केले. शुक्रवाहिनी बांधून टाकली तर वृषणातील संप्रेरक निर्माण करणारा भाग वाढतो आणि म्हातारे उंदीर पुन्हा तरतरीत होतात, असा त्यांचा दावा होता. त्यांच्या सूचनेवरून लिख्टेनश्टेर्न यांनी १९१८ साली ज्या पहिल्या माणसावर ही शस्त्रक्रिया केली, तो चाळिशीतला एक थकलेला गाडीवान होता. पुढे हीच शस्त्रक्रिया सदुसष्ट वर्षांच्या सिग्मंड फ्रॉइडने १९२३ मध्ये आणि अडुसष्ट वर्षांच्या कवी डब्ल्यू. बी. येट्सने १९३४ मध्ये करून घेतली. पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ यांनी १९२० पासून माकडांच्या ग्रंथींचे तुकडे माणसांत बसविण्यास आरंभ केला. त्यापूर्वी त्यांनी मेंढ्या आणि बोकड यांच्यावर प्रयोग केले होते. अल्जीरियातील फ्रेंच वसाहतीत त्यांनी तरुण मेंढ्यांतही कलमे केली. लोकर व मांस वाढेल अशी त्यामागे अपेक्षा होती. म्हणजे तरुण जनावराला कलम करावयाचे ते उत्पादनासाठी, आणि म्हाताऱ्या धनवानाला करावयाचे ते गेलेले तारुण्य परत आणण्यासाठी. दोन वयांतील परिणामांची तुलना आयुर्मर्यादेच्या दृष्टीने करावी, हे मात्र त्या गदारोळात कोणाला सुचले नाही.

अन्सारींनी हा विचार दिल्लीत आणला तेव्हा तेथील भूमी त्यास अनुकूल होती. त्यांचे वडील मित्र हकीम अजमल खान यांनी उभारलेल्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन १९२१ साली गांधीजींच्या हस्ते झाले होते. शक्तिवर्धक कुश्ते आणि माजूम यांची युनानी परंपरा शहरात जिवंत होती, आणि वैद्यांची रसायनेही घरोघरी परिचित होती. पाश्चात्त्य शल्यविद्या शिकलेल्या डॉक्टराने त्याच हेतूसाठी नवे साधन आणले, इतकाच फरक सामान्य रुग्णाला जाणवला असेल. त्या काळाचा आणखी एक सूर होता. राष्ट्राचे पुनरुज्जीवन, जातीचे गेलेले तेज, थकलेल्या प्राचीन देशाचे नवे तारुण्य या कल्पना व्याख्यानांतून आणि वृत्तपत्रांतून सतत निनादत होत्या. वैयक्तिक शरीराचा जीर्णोद्धार हे त्या मोठ्या स्वप्नाचे लहानसे प्रतिरूप वाटावे, यात नवल नव्हते.

कलमे मात्र टिकत नव्हती आणि टिकणे शक्यही नव्हते. एका प्राण्याचे ऊतक दुसऱ्या जातीच्या प्राण्यात ठेवले की ग्राहकाची प्रतिकारशक्ती ते परके म्हणून ओळखते आणि नष्ट करते. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या सैनिकांच्या त्वचारोपणाचा प्रश्न हाताळताना पीटर मेडावर यांनी या नकाराचे स्वरूप उलगडले. ते ज्ञान अन्सारींच्या हयातीत उपलब्ध नव्हते. रुग्णांना जे बरे वाटले त्यात श्रद्धेचा वाटा मोठा असला पाहिजे. ज्या १९३५ मध्ये अन्सारींचा ग्रंथ निघाला, त्याच वर्षी अॅमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाक्वेर यांच्या प्रयोगशाळेत वृषणातील संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले गेले आणि लगोलग त्याचे कृत्रिम संश्लेषणही झाले. संप्रेरक शुद्ध रूपात हाती आल्यावर ग्रंथीचा तुकडा शिवण्याला अर्थ उरला नाही. एका मोठ्या प्रयत्नाचा समारोप आणि त्याची निरुपयोगिता एकाच वर्षी सिद्ध व्हावी, अशी उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासातही विरळाच.

त्याच १९३५ मध्ये तिसरी एक घटना घडली आणि तिच्याकडे दिल्लीत काय, व्हिएन्नातही फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके हे पशुआहाराचे अभ्यासक होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या उंदरांची काही पिल्ले आईचे दूध सुटताच अशा आहारावर ठेवली, की जीवनसत्त्वे व क्षार पुरेसे मिळावेत पण उष्मांक अत्यंत कमी मिळावेत. पोटभर खाणारे नर सरासरी ४८३ दिवस जगले, तर उपाशी ठेवलेल्या नरांची सरासरी ८२० दिवसांच्या वर गेली. माद्यांत असा ठळक फरक दिसला नाही. ग्रंथी नाही, अर्क नाही, शस्त्रक्रिया नाही. केवळ अन्न कमी केल्याने आयुष्य वाढले. परंतु त्याची किंमत होती. या प्राण्यांची वाढ खुंटली. उपचार बाल्यातच सुरू केल्याने आयुष्याबरोबर बाल्यही लांबले होते. माणसाच्या मुलांना अशा उपासमारीवर ठेवण्याची कल्पनाही कोणी करू धजले नसते. म्हणून मॅके यांच्या प्रयोगापाठोपाठ जो प्रश्न आला, तो वयाचाच होता. हाच उपाय वाढ पुरी झाल्यावर केला तर त्याचा गुण येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत हिंदुस्थानात आणखी एक प्रयोग झाला आणि तो सर्व देशाने वृत्तपत्रांतून पाहिला. पंडित मदनमोहन मालवीय हे अन्सारींचे राजकारणातील सहकारी होते. योगायोग असा, की दोघांची जन्मतारीख एकच, २५ डिसेंबर. मालवीय १८६१ चे, तर अन्सारी १८८० चे. १९३४ साली काँग्रेसने निवडणुकांसाठी संसदीय मंडळ नेमले, त्या कामात दोघे एकत्र होते. पुढे जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मतभेद झाला आणि मालवीयांनी लोकनायक बापूजी अणे यांच्यासह वेगळा पक्ष काढला. अन्सारींच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९३८ च्या प्रारंभी, मालवीयांनी तपसी बाबा नावाच्या साधूच्या देखरेखीखाली प्रयाग येथे कायाकल्प करून घेतला. चरकाने रसायनाचे दोन मार्ग सांगितले आहेत; उन्हावाऱ्यात वावरत घ्यावयाचे वातातपिक आणि कुटीत राहून घ्यावयाचे कुटीप्रावेशिक. मालवीयांनी दुसरा, खडतर मार्ग पत्करला. उजेड व वारा यांपासून राखलेल्या कुटीत, दूध आणि औषधी कल्पावर, त्यांनी सुमारे चाळीस दिवस काढले. प्रकृती सुधारल्याच्या वार्ता देशभर पसरल्या. पण ती सुधारणा टिकली नाही. पुढील वर्षांत ते उत्तरोत्तर क्षीण होत गेले आणि १२ नोव्हेंबर १९४६ रोजी काशीला त्यांचे देहावसान झाले.

कायाकल्पाच्या वेळी मालवीयांचे वय शहात्तर वर्षांचे होते. सुश्रुताच्या गणनेप्रमाणे रसायनाची मुदत संपून सहा वर्षे लोटली होती. मालवीयांसारख्या संस्कृतज्ञाला ही अट अपरिचित असण्याचा संभव कमी. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादिलेली आणि मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काढलेली सुश्रुतसंहिता तेव्हा वैद्यांच्या संग्रही होती. तरीही शास्त्राच्या अटीपेक्षा च्यवनाची कथा बलवत्तर ठरली. यात मालवीयांचा दोष काढण्याचे कारण नाही. तिशीच्या माणसाला कुटीत शिरण्यास सवड नसते आणि कारणही नसते. विद्यापीठ उभारण्याच्या धडपडीत ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला वार्धक्याची आठवण वार्धक्यानेच करून द्यावी, हे स्वाभाविक होते.

मॅके यांच्या प्रश्नाचे पहिले ठळक उत्तर १९८२ साली आले. रिचर्ड वाइनड्रुक आणि रॉय वॉलफर्ड यांनी एक वर्षाच्या, म्हणजे पुऱ्या वाढलेल्या, लहान उंदरांचा आहार हळूहळू कमी केला. त्यांचे सरासरी आणि कमाल आयुष्य सुमारे दहा ते वीस टक्क्यांनी वाढले. मध्यम वयातही दार उघडे होते. मात्र ते हळूहळू लोटावे लागत होते, कारण एकदम आहार तोडल्याच्या पूर्वीच्या प्रयोगांत प्राण्यांना अपायच झाला होता. पुढे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्या उंदरांचा आहार अठराव्या आणि सव्विसाव्या महिन्यापासून कमी करण्यात आला. त्यांचे आयुष्य वाढले नाही. २०१९ साली युरोपातील संशोधकांनी आठशेहून अधिक माद्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. आयुष्यभर मिताहारी असलेल्या म्हाताऱ्या माद्यांना पोटभर अन्न देताच त्या लवकर मरू लागल्या, पण आयुष्यभर पोटभर खाल्लेल्या माद्यांचा आहार उतारवयात तोडला तर मिताहाराचा पुरता लाभ त्यांना मिळाला नाही. त्यांच्या मेदपेशींत जणू पूर्वीच्या सुकाळाची स्मृती साठून राहिली होती.

औषधांच्या बाबतीतही हेच चित्र दिसू लागले. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध रशियातील व्लादिमीर अनिसिमोव्ह यांनी उंदरांच्या एका जातीच्या माद्यांना तीन वेगवेगळ्या वयांपासून दिले. २०११ साली त्यांनी निष्कर्ष मांडला. तिसऱ्या महिन्यापासून औषध दिलेल्या माद्यांचे सरासरी आयुष्य चौदा टक्क्यांनी वाढले, नवव्या महिन्यापासून दिलेल्यांचे सहा टक्क्यांनी, आणि पंधराव्या महिन्यापासून दिलेल्यांना आयुष्यवाढीचा लाभ झाला नाही. एवढ्यावर थांबावे तर सुश्रुताचे वचन प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केल्यासारखे वाटेल. इतिहास मात्र इतका आज्ञाधारक नसतो.

२००९ साली रॅपामायसिन या औषधाचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि वयाच्या सर्व अटी डळमळल्या. हा प्रयोग अमेरिकेतील तीन केंद्रांत एकाच वेळी चालला होता. औषध अन्नात टिकून राहील अशा स्वरूपात तयार करण्यास विलंब लागला, आणि त्यासाठी राखून ठेवलेले उंदीर दरम्यान म्हातारे झाले. औषध सुरू झाले तेव्हा त्यांचे वय सहाशे दिवसांचे होते, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साधारण साठी. अशा प्राण्यांवर परिणाम दिसण्याची आशा थोडी होती. परंतु शंभरांतील नव्वद प्राणी मरेपर्यंतचे वय हे माप धरले असता माद्यांत चौदा आणि नरांत नऊ टक्के वाढ दिसली. विलंबाच्या अपघाताने एक गोष्ट सिद्ध केली, की निदान एका उपायासाठी उतारवयातही दार उघडे असते.

या औषधाच्या जन्मकथेत अन्सारी आणि मालवीय या दोघांचेही धागे अनपेक्षितपणे गुंतले आहेत. ईस्टर बेटावरील मातीतील एका जीवाणूपासून रॅपामायसिन वेगळे केले ते सुरेंद्रनाथ सहगल यांनी, माँट्रियल येथील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, १९७० नंतरच्या वर्षांत. सहगल यांचे औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण मालवीयांनी स्थापिलेल्या काशी हिंदू विद्यापीठात झाले होते. कंपनीने ती प्रयोगशाळा बंद केली तेव्हा सहगल यांनी जीवाणूच्या कुप्या आपल्या घरच्या शीतपेटीत जपून ठेवल्या. पुढे हे औषध शरीराची प्रतिकारशक्ती आवरते असे दिसून आले, आणि १९९९ साली अमेरिकेत मूत्रपिंडाचे रोपण केलेल्या रुग्णांसाठी त्यास मान्यता मिळाली. ज्या नकारामुळे अन्सारींची सातशे कलमे व्यर्थ गेली, तोच नकार आवरणारे हे औषध, आणि तेच उतारवयातील प्राण्याचे आयुष्य वाढविणारेही ठरले. सहगल २००३ साली वारले. उंदरांवरील त्या प्रयोगाचा निष्कर्ष त्यांना पाहावयास मिळाला नाही.

काशी हिंदू विद्यापीठातच, प्राणिशास्त्र विभागात, मधुसूदन कानुनगो यांनी १९६० नंतर वार्धक्याच्या जीवरसायनाचे अध्ययन उभे केले. तरुण आणि वृद्ध उंदरांना एकच संप्रेरक दिले तरी विकरांच्या निर्मितीत त्यास मिळणारा प्रतिसाद सारखा नसतो, हे त्यांच्या प्रयोगांतून पुढे आले. वार्धक्य हे जनुकांच्या नियंत्रणात वयाप्रमाणे होणाऱ्या बदलांचे फळ आहे, असा त्यांचा सिद्धान्त होता. १९८० आणि १९९४ सालच्या त्यांच्या ग्रंथांनी तो जगापुढे नेला. ग्रंथिरोपणाच्या युगातील मूलभूत गृहीतकच यामुळे ढासळते. रिकामी झालेली घागर भरावी तसे संप्रेरक भरले की तारुण्य परत येईल, असे श्टायनाख आणि अन्सारी यांना वाटले. पण म्हाताऱ्या पेशीचे कान बदललेले असतात. तीच हाक तिला तशीच ऐकू येत नाही.

अधिक सूक्ष्म उत्तर एका क्षुद्र सूत्रकृमीने दिले. २००२ साली अँड्र्यू डिलिन आणि सिंथिया केनियन यांच्या गटांनी दाखविले, की इन्शुलिनसदृश संदेशाचा मार्ग प्रौढावस्थेत दाबला तर कृमीचे आयुष्य वाढते, बाल्यापुरताच दाबला तर वाढत नाही. उलट पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या साखळीला घातलेला आवर वाढीच्या काळात असेल तरच आयुष्य वाढवितो. प्रौढपणी त्याचा उपयोग होत नाही. म्हणजे रसायनाचे एकच एक वय नाही. प्रत्येक उपायाला आपला ऋतू आहे, आणि एका उपायाच्या ऋतूवरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

माणसाच्या जवळचा पुरावा माकडांकडून आला, आणि येथे इतिहास पुन्हा दिल्लीकडे वळतो. राजधानीच्या सचिवालयांच्या गच्च्यांवर आणि देवळांच्या कळसांवर वावरणारे लाल तोंडाचे माकड अमेरिकन प्रयोगशाळांत कित्येक दशके निर्यात होत होते. १९७८ साली मोरारजी देसाई यांच्या सरकारने ही निर्यात बंद केली. तिकडे पोहोचलेल्या माकडांची प्रजा मात्र तेथील वसाहतींत वाढत राहिली. १९८७ आणि १९८९ साली दोन संस्थांत, मेरीलँड आणि विस्कॉन्सिन येथे, अशा माकडांवर मिताहाराचे दीर्घ प्रयोग सुरू झाले. विस्कॉन्सिनची सर्व माकडे भारतीय वंशाची होती आणि प्रयोगाच्या आरंभी ती प्रौढ होती. २००९ साली विस्कॉन्सिनने मिताहाराने मृत्यू लांबल्याचे सांगितले. २०१२ साली मेरीलँडने तसा लाभ दिसत नसल्याचे सांगितले. हा विरोध मिटविण्यासाठी दोन्ही गटांनी आकडे एकत्र केले आणि २०१७ साली संयुक्त निष्कर्ष मांडला. फरकाचे एक प्रमुख कारण आरंभाचे वय हे होते. उंदरांत जो उपाय बाल्यात सर्वाधिक फळला, तो माकडांत बाल्यात सुरू केला असता जगण्याचा तसा लाभ देऊ शकला नाही. प्रौढ वयात सुरू केलेल्यांना तो लाभला. मॅके यांचे दूध तुटलेले पिल्लू माकडाच्या वंशात आदर्श ठरले नाही. अल्जीरियातील मेंढ्यांपासून माणसावर, किंवा उंदरापासून माकडावर, उडी घेणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या सर्व प्रयोगांतून प्राचीन वचनाला पूर्ण दुजोरा मिळाला असे म्हणता येत नाही, आणि ते खोटे ठरले असेही नाही. सुश्रुताने विशिष्ट औषधींविषयी आणि माणसाविषयी सांगितले. प्रयोगशाळेने इतर उपायांविषयी आणि इतर प्राण्यांविषयी. तरीही एका बाबतीत दोहोंचा सूर जुळतो. उपचाराची थोरवी त्याच्या द्रव्यात जितकी असते, तितकीच तो घेणाऱ्या शरीराच्या काळातही असते. यातून जो पेच उभा राहतो तो वैद्यकापुरता उरत नाही. जे उपाय लवकर सुरू केले तरच फळतात, ते निरोगी माणसाने, ज्याला त्यांची गरज भासत नाही अशा वेळी, वर्षानुवर्षे सोसावयाचे आहेत. आणि त्यांचा हिशेब कळावयास त्याचे अवघे आयुष्य जावयाचे आहे. लाभ एका वयाचा, किंमत दुसऱ्या वयाची. पुरूने आपले यौवन पित्याला दिले. येथे प्रत्येकाने ते स्वतःच्याच म्हातारपणाला द्यावयाचे आहे.

दीर्घायुष्याच्या आकांक्षेचा आणखी एक प्रसंग दिल्लीच्या इतिहासात नोंदलेला आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत गांधीजींनी सव्वाशे वर्षे जगण्याची इच्छा बोलून दाखविली होती. मिताहार आणि संयम हेच त्यांचे रसायन होते, आणि त्याचा आरंभ त्यांनी उमेदीच्या वयातच केला होता. १९४७ च्या २ ऑक्टोबरला, दंगलींनी होरपळलेल्या दिल्लीत, आपल्या शेवटच्या वाढदिवशी, ती इच्छा आता उरली नसल्याचे त्यांनी सांगितले. वयाचे गणित बिनचूक असले तरी ज्या काळात जगावयाचे तो काळ माणसाच्या हाती नसतो.

दिल्लीच्या दक्षिणेस, ओखल्याला, जामिया मिल्लियाच्या आवारात डॉ. अन्सारींची कबर आहे. तेथील पहिल्या इमारतीची कोनशिला १ मार्च १९३५ रोजी बसविली गेली, म्हणजे त्यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी. माणसाला पुन्हा तरुण करण्याचा त्यांचा उद्योग संपला आणि त्याची कोणी फारशी आठवण ठेवली नाही. या आवारात मात्र दरवर्षी नवी तरुण मुले येतात, शिकतात आणि निघून जातात.